जॉलीची भूक

नंदाखाल,
गुरुवार, ऑक्टोबर २००१

प्रिय हेमलता,

‘प्रिय’ वाचून हुरळून जाऊ नकोस. पत्राची सुरुवात अशी करायची असते हे आपण दोघी आगाशीच्या शाळेत एकाच बाकावर बसून शिकलो. ती सवय हाताची आहे, मनाची नाही. मे महिन्यापासून तू या घराची पायरी चढलेली नाहीस आणि मीही तुला फोन केलेला नाही. असंच चाललं असतं तरी माझी काही तक्रार नव्हती. पण रविवारी तुझे मिस्टर डबा घेऊन आले आणि डब्याबरोबर तुझा निरोपही आला, की आता तरी तिखट कमी घाल म्हणावं, बाबांचा अल्सर तुझ्या हातच्या जेवणानेच झालाय. बिचारे पडवीत उभं राहून खाली मान घालून बोलले. मी डबा घेतला, त्यांना पाणी दिलं, आणि एक शब्द बोलले नाही. आता बोलते. पत्र पुरतं वाच. फाडायचंच असेल तर शेवटची ओळ वाचून झाल्यावर फाड.

तुझ्या जॉलीपासून सुरुवात करते, कारण तुझी सगळी फिर्याद त्याच्यावरूनच आहे. तुझ्या संकेतने हट्ट केला म्हणून तू विरारला मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये पांढरं पॉमेरियन आणलंस. ते दिवसभर भुंकायला लागलं, खालच्या मजल्यावरच्यांनी भांडण काढलं, आणि मग तुला माहेर आठवलं. भाजीच्या टोपलीत घालून, वर टॉवेल टाकून घेऊन आलीस. महिनाभर ठेव म्हणालीस. दोन वर्षं झाली. जाताना मला उंबऱ्यात उभं करून सांगितलंस, याला उकडलेलं चिकन लागतं, हाडं काढून. भात मऊ लागतो. बिस्किटं दुधात भिजवून. मासळीचा काटा गेला तर मरेल. माझी क्षितिजा लहान होती तेव्हा तिच्या खाण्याबद्दल तू एवढी चौकशी कधी केली नाहीस. तरी मी केलं. आमच्या बागायतीत गड्यांची न्याहारी, शाळेचा डबा, बाबांची पथ्याची भाजी, आणि त्यात एक जर्मनचं पातेलं तुझ्या कुत्र्याचं. फ्लॉसी शेजारून बघायची आणि हसायची. म्हणायची, “सुनंदा, आमच्या डुकरांना पण तू एवढं विचारून घालत नसशील.”

आणि त्याचे नखरे! एखाद्या दिवशी पातेलं असं चाटायचा की घासायची गरज पडू नये. शेपटी हलवत पुन्हा चुलीपाशी येऊन बसायचा, अजून दे. दुसऱ्या दिवशी तोच भात, तेच चिकन, आणि हा नुसतं हुंगून पडवीत बाबांच्या खाटेखाली जाऊन आडवा. मी भात बदलला, चिकनच्या जागी करंदी सोलून घातली, हळद घातली, हळद काढली. काही उपयोग नाही. बरं, आजारी म्हणावं तर अंगाने फुगत चाललेला. गुरांचा डॉक्टर आमच्या म्हशीला बघायला आला होता तेव्हा त्यालाही दाखवला. त्याने पोट चाचपलं आणि म्हणाला, “वहिनी, हे उपाशी नाही, हे दोन घरचं जेवतंय.” मला वाटलं, फ्लॉसीकडे जात असेल. तिला विचारलं तर ती माझ्यावरच उखडली.

त्याच्या भुकेला नेम नाही असं मला वाटायचं, पण नेम होता. ज्या दिवशी तांदळाची भाकरी आणि सुकट, त्या दिवशी जॉली जेवायचा नाही. ज्या दिवशी बोंबलाचं पातळ कालवण आणि मऊ भात, त्या दिवशी याला भूक. हे आज मी सरळ लिहिते आहे. तेव्हा घरातल्या एवढ्या माणसांचं रांधताना कोण कुत्र्याच्या भुकेची नोंद ठेवतं?

आता आपल्या दोघींकडे येते. तूच मला या घरात आणलंस. तुझ्या भावासाठी, हरेश्वरसाठी, स्थळं बघत होते तेव्हा तू आईंना म्हणालीस, सुनंदा माझी मैत्रीण आहे, तिला भाकरी थापता येत नाही पण शिकेल. शिकले. आईंनी मला शिकवलं, हात धरून. उकडहंडीत कंद कधी घालायचे, पातवड कशी वळायची, सगळं. त्या मला ‘सुनंदा’ म्हणायच्या आणि हाक तुला मारल्यासारखी मारायच्या. ते तुला सहन झालं नाही, हे मला फार उशिरा कळलं. आई गेल्या आणि तू दर भेटीला आल्या आल्या, चपला काढायच्या आधी, स्वयंपाकघरात शिरून टोपांची झाकणं उचलायला लागलीस. एक बोट घालायचं, चाखायचं, आणि काही न बोलता झाकण ठेवायचं. बोलायचीस ते बाहेर जाऊन. बाबा जेवायला बसले की समोर बसायचीस आणि त्यांचं जेवण संपेपर्यंत ताटावरची नजर काढायची नाहीस. चतकोर भाकरी उरली की लगेच, “बघा, बाबांनी टाकलं. आईच्या हातचं असतं तर टाकलं असतं का?” हरेश्वर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मी ओट्याशी उभी राहून ऐकायचे. तू विरारची बस धरायचीस आणि मी रात्री न जेवता झोपायचे. तुझ्या ते लक्षातही नसेल. बाबांच्या होतं. ते पुढे सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीपासून बाबा वाळायला लागले. सदऱ्याचे खांदे उतरले. मी विचारलं, डॉक्टरकडे जाऊ या का? ते म्हणाले, “म्हातारपणी मांस झडायचंच, पोरी. ताट तर रिकामं करतोय ना?” करत होते. स्वच्छ. बोटाने पुसल्यासारखं. त्यात एक बदल मात्र झाला होता. पूर्वी ते आत बसून सगळ्यांबरोबर जेवायचे. आता म्हणायला लागले, मना आत उकडतं, माझं पडवीत खाटेवर आणून दे. दिलं. म्हातारा माणूस, बागेकडे बघत जेवायचं असेल. मी ताट ठेवून आत यायचे, थोड्या वेळाने जाऊन उचलायचे. ताट रिकामं, बाबा तोंड पुसताहेत, जॉली खाटेखाली झोपलेला. मला काय दिसायला हवं होतं ते तू सांग.

मग मे महिन्यात गास गावात मामांच्या घरची लग्नाची हळद. आठवतं ना? मांडवात सगळ्या बायका बसल्या होत्या. बाबा रिक्षातून उतरले आणि कुणीतरी म्हणालं, आत्मारामदादा किती उतरलेत. क्षितिजाच्या कडेवर जॉली होता, गोल, भरलेला. तू हातातलं ताट खाली ठेवलंस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, “उतरणार नाहीत तर काय? माझ्या बापाच्या ताटातलं काढून ही कुत्र्याला घालते. बघा की, कुत्रं कसं पोसलंय आणि बाप कसा वाळलाय.” गाणं थांबलं. माझ्या बाजूने कुणी काही बोलेल म्हणून मी वाट बघितली. हरेश्वर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होते, त्यांच्यापर्यंत पोचलंच नसेल, किंवा पोचलं असेल. बाबा तेवढे खुर्चीतून उठायला गेले आणि धापा टाकत परत बसले. मी क्षितिजाला घेऊन हळद न लावता निघाले. गासहून घरापर्यंत चालत आले. उन्हात. पोर विचारत होती, आई, आत्या असं का बोलली? मी तिला म्हटलं, तिला विचार. अजून विचारायची आहे ती.

त्या दिवसापासून मी एक ठरवलं. प्रेमाने नाही, रागाने ठरवलं, हे तुला मुद्दाम सांगते. बाबांना ताट दिलं की समोर पाट टाकून बसायचं. शेवटचा घास पोटात जाईपर्यंत उठायचं नाही. उद्या चार बायका विचारायला आल्या तर मला छाती पुढे काढून सांगता यायला हवं होतं, की माझ्या डोळ्यांसमोर जेवतात, सगळं जेवतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी, वालाचं बिरडं आणि तळलेली मांदेली वाढली आणि बसले. बाबा म्हणाले, तू जा, तुझं काम असेल. मी म्हटलं, नाही काम. ते म्हणाले, पाणी आण. आणलेलंच होतं. मग त्यांनी भाकरीचा एवढासा तुकडा मोडला, बिरड्यात बुडवला आणि तोंडात घातला. चावत राहिले. चावतच राहिले. हेमलता, तुझ्या बापाचे डोळे भरून आले तरी तो घास खाली उतरेना. मान पुढे काढली, छातीवर मूठ मारली, पाणी प्यायले तर पाणी नाकातून आलं. आणि तुझा जॉली खाटेखालून बाहेर येऊन, त्यांच्या गुडघ्यावर पाय ठेवून, तोंड उघडून उभा. त्याला सवय होती. त्याला वाटलं आज उशीर का होतोय. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडातला घास हातावर काढून त्याच्यापुढे धरला. लपवायला आता काही राहिलं नव्हतं.

तेव्हा कळलं, भाकरीच्या दिवशी कुत्र्याला भूक का नसायची. मऊ भात असला की बाबा थोडं खायचे, म्हणून तो उपाशी राहायचा. त्याच्या भुकेवरून बाबांचा आजार वाचता आला असता. वाचणारं कुणी नव्हतं.

आता ऐक. अल्सर नाही. अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, निदान सहा-आठ महिने आधी आणायला हवं होतं. विजेचे शेक दिले, त्यांनी थोडे दिवस बरं वाटलं, आता परत बंद होत चाललंय. अल्सर म्हणून तुला सांगायचं हे बाबांनी ठरवलं. हरेश्वरला शपथ घातली. हरेश्वर आणि शपथ, तुला तुझा भाऊ माहीत आहे. तू फोनवर विचारायचीस, ते ‘बरं आहे’ म्हणायचे, आणि तू रिसीव्हर ठेवता ठेवता माझ्या फोडणीला नावं ठेवायचीस.

मी बाबांना एकदा विचारलं. शेक घेऊन आलो होतो, दुपारची वेळ, हरेश्वर केळीला पाणी सोडायला गेले होते. मी म्हटलं, बाबा, गिळता येत नव्हतं तर बोलला का नाहीत? ताटात टाकलं असतंत तरी मला कळलं असतं. ते म्हणाले, “ताटात राहिलं की हेमा तुला बोलते. तू मग जेवत नाय. मना ते बघवत नाय.” एवढंच. परत म्हणाले, हे हेमाला सांगू नको, तिला लागेल.

तिला लागेल! गिळता येत नसताना तो माणूस तुझ्या जिभेच्या धाकाने रोज ताट रिकामं करून दाखवत होता. तू समोर नसतानाही. विरारला बसून तू या पडवीतल्या ताटावर नजर ठेवलीस. ते महिने तू खाल्लेस, हेमलता. मांडवात तू म्हणालीस की बापाच्या ताटातलं कुत्र्याला जातं. खरंच जात होतं. फक्त घालणारी मी नव्हते, आणि घालायला लावणारीही मी नव्हते. एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते, आणि ती लिहिताना माझे दात शिवशिवतात. तू तसं बोलली नसतीस तर मी पाट टाकून समोर बसले नसते आणि आणखी किती दिवस गेले असते कुणास ठाऊक. त्याचे आभार मानायला सांगू नकोस. चुकून लागलेल्या दगडाने आंबा पडला म्हणून दगड मारणाऱ्याला कुणी शाबासकी देत नाही.

आणि तुझे रविवारचे डबे. मटण, वडे, कधी चिकनचं भुजणं. गणपतीपासून एकही रविवार चुकला नाही. बाबा डबा मांडीवर घेतात. झाकण उघडून वास घेतात. डोळे मिटून. मग झाकण लावून माझ्याकडे देतात आणि म्हणतात, डबा रिकामा पाठवू नको, केळी घाल, आणि सांग, आवडलं म्हणून. मी केळी घालते. आवडलं म्हणून सांगते. तुझे मिस्टर ते तुला सांगतात आणि तू उलट निरोप पाठवतेस, बघा, माझ्या हातचं कसं पोटभर खातात. मागच्या रविवारचे वडे जॉलीने खाल्ले. मटण फ्लॉसीच्या घरी गेलं. बाबांनी त्यातलं बोटभरही चाखलेलं नाही, चाखू शकत नाहीत. वास घेतात, तेवढंच. हे मला तुझ्या तोंडावर सांगायचं होतं, कागदावर सांगते आहे.

बाबा आता फक्त पेज घेतात. जुन्या तांदळाची, फडक्यातून गाळलेली, मीठ घातलेली. वाटीभर जायला तास लागतो. मी भरवते. पूर्वी हात धरू द्यायचे नाहीत, आता तोंड उघडतात. वर बघत नाहीत, वाटीकडेच बघतात. तुझं नाव काढत नाहीत. पण रविवारी सकाळपासून कान रस्त्याकडे असतात, आणि स्कूटर थांबून फक्त तुझे मिस्टर उतरले की परत भिंतीकडे वळतात. हे सगळं मी तुझ्यासाठी लिहीत नाही. तुला रडवण्यात मला आनंद आहे, हे खरं, पण त्यासाठी मी वही फाडून एवढी पानं लिहिली नसती. मला तेवढा वेळ नाही.

मंगळवारी सकाळी बाबांना मुंबईला नेणार आहोत. पोटात नळी बसवणार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, त्यानंतर तोंडाने काहीही नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, फुप्फुसात जातं. म्हणजे सोमवारी जे काही ते तोंडाने घेतील ते शेवटचं. शपथ हरेश्वरला घातली आहे, मला नाही. मी त्यांच्या मनाविरुद्ध हे लिहिते आहे आणि उद्या पहाटे फ्लॉसी भाजी घेऊन विरारच्या बाजाराला निघेल तिच्या हातात देणार आहे, हरेश्वरला कळणार नाही. सोमवारी सकाळी ये. डबा आणू नकोस. पेज तू कर, तू गाळ, तू भरव. चमचा अर्धाच भरायचा, आणि गिळल्याचं गळ्यावर दिसल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. ठसका लागला तर घाबरू नकोस, पाठीवर हात ठेवून थोडं पुढे वाकव. तुला सगळं कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस; अल्सरच म्हण. रडायचं असेल तर मागच्या दारी, बावखलाच्या तळ्यापाशी जाऊन रड. मी कुठे जाणार नाही, हे माझं घर आहे. पण सोमवारी दिवसभर मी स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाही. तिथे तू असशील. मी तुला माफ केलेलं नाही आणि करेन असं वाटत नाही. भांडायला तुझ्या-माझ्यापुढे सगळा जन्म पडलाय. सोमवार एकच आहे.

तुझी, दुसरा शब्द सुचला नाही म्हणून,
सुनंदा